पावण्याचं चुलवाण

पावण्याला काहीही सांगा, तो एकच विचारायचा, "मग पुढं?" नळाला पाणी आलं नाही म्हणा, "मग पुढं?" अमक्याच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणा, "मग पुढं?" आमच्या गल्लीत पुढचं विचारायची कुणाला सवय नाही. "बघू की," म्हटलं की विषय मिटतो. पावण्यासमोर तो मिटत नसे. तो तोंडाकडं बघत उभा राही, हसत, पण हलायचा नाही. पहिल्यांदा मला वाटलं पोरगं उद्धट आहे. उद्धट नव्हतं. त्याला खरंच पुढचं पाहिजे असायचं.

त्याचं नाव जोशुआ. गाव आफ्रिकेत, युगांडात. आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात आणि ओळख झाली की नावानं हाक मारतात. याची ओळख अख्ख्या गल्लीला झाली, तरी पावणं हे नाव काही सुटलं नाही. पुढं पुढं तर तो स्वतःच फोनवर "पावणं बोलतोय" म्हणायला लागला.

त्याला माझ्याकडं सन्मती घेऊन आला. सन्मती म्हणजे माझा भाचा सुकुमार, त्याचा मुलगा. दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात, एकाच बाकावर. पावण्याला होस्टेल सोडावं लागलं होतं आणि एवढ्या मोठ्या शहरात त्याला कुणी खोली देत नव्हतं. काळा आहे म्हणून देत नव्हते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांनी दिली नाही त्यांनी लाजावं. मी दिली ती दयेनंही नाही. वरची खोली रिकामी होती आणि मला भाडं पाहिजे होतं.

अटी मी दारातच सांगितल्या. आम्ही जैन. घरात अंडं-मटण नाही, कांदा-लसूण नाही, आणि माझ्याकडं जेवायचं तर सूर्य मावळायच्या आत.

"मग पुढं? रात्री भूक लागली तर?"

"झोपायचं."

"झोप न्हाय आली तर?"

"मग अभ्यास करायचा. त्यासाठीच आलायस न्हवं?"

त्यानं मान डोलावली आणि पिशवी आत ठेवली. तीन वर्षांत त्यानं अट मोडली नाही. कधी कॉलेजातून उशीर झाला तर जिन्यावरून ओरडून सांगायचा, "आक्का, सूर्य गेला! माझं ताट ठेवू नका!" आणि उपाशी झोपायचा. मी एकदा म्हटलं, "तुला कुठं आमचा धर्म पाळायचाय, जेव की." तो म्हणाला, "धर्म तुमचा हाय. पण शब्द माझा हाय."

मराठी तो माझ्याकडं यायच्या आधीच, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, सुकुमारच्या गुऱ्हाळात शिकला. सुकुमारचं गुऱ्हाळ कागलकडं आहे. त्यामुळं त्याची मराठी मोठ्या आवाजाची आणि शिव्यांसकट होती. शिव्या मी काढायला लावल्या, आवाज राहू दिला.

गुऱ्हाळात तो पहिल्यांदा सन्मतीबरोबर गूळ खायला म्हणून गेला आणि संध्याकाळपर्यंत चुलवाणापाशी बसून राहिला. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो ते चिपाड. ते वाळवायचं आणि तेच चुलवाणात, म्हणजे काहील या पसरट कढईखालच्या मोठ्या चुलीत, जाळून रस आटवायचा. चांगल्या चुलवाणाला स्वतःच्या उसाचं चिपाड पुरतं. सुकुमारच्या पुरत नव्हतं. निम्मा जाळ धुराड्यातून वर जायचा आणि हंगामात लाकूड विकत आणावं लागायचं.

पावण्याच्या गावातही ऊस आहे, गूळही करतात, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. त्याची आई तिकडच्या गुऱ्हाळावर जाळ घालायची. धुरानं तिचे डोळे अधू झाले. तिथंही चिपाड पुरत नाही, म्हणून गावाभोवतीची झाडं तोडून जाळली. "आता झाडं बी न्हाईत," तो म्हणाला.  यावर "मग पुढं?" विचारायची पाळी माझी होती, पण मला तेव्हा ती सवय लागली नव्हती.

त्यानं आणि सन्मतीनं कॉलेजचा प्रकल्प म्हणून नवं चुलवाण आखलं. खालून हवा यायला बिडाची, ओतीव लोखंडाची जाळी, धुराची ऊब फिरवून आणायला विटांचा बोगदा, आणि त्याच उबेवर ओलं चिपाड वाळवायची सोय. जाळ्या शिरोलीच्या फौंड्रीत ओतून आणल्या. एक तडकली, दुसरी वाकली, तिसरी टिकली. पावणा म्हणायचा, "आक्का, जगात अशी जागा दावा मला. सकाळी चूक केली की संध्याकाळी नवी जाळी हातात. माझ्या गावात चूक करायला सुद्धा शहरात जायला लागतंय." म्हणून त्याला कंपनी इथंच काढायची होती. इथं एक चुलवाण नीट जळलं की ते दोन्हीकडं जळेल, कागलमध्येही आणि त्याच्या आईच्या गावातही, असा त्याचा हिशेब.

सन्मतीनं अशी चुलवाणं बांधून द्यायची कंपनी काढली. कागदावर पावण्याचं नाव घालायला निघाला तर यानं हात धरला. "माझा व्हिसा शिकायचा हाय, धंद्याचा न्हाय. धंद्याचा मिळंपर्यंत माझं नाव कुठंच न्हाय पायजे. पैसा बी नको." आणि खरंच त्यानं एक रुपया घेतला नाही, एका कागदावर सही केली नाही. सन्मती चिडला. "अरं, कोण बघतंय?" "कोण न्हाय बघत. मग पुढं?" सन्मतीनं एकट्याच्या नावानं कागद भरला.

परीक्षा संपल्या आणि प्रश्न दारात येऊन बसला. त्याचा व्हिसा दसऱ्यापर्यंत होता. गुळाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होणार. नवं चुलवाण सुकुमारच्या गुऱ्हाळात अर्धं बांधलेलं. ते पेटताना हा तिथं असणार की नाही, एवढाच प्रश्न. पण गल्लीच्या कट्ट्यावर प्रत्येकाकडं त्याला उत्तर होतं.

तालमीचा बंड्या म्हणाला, "पावणं, टेन्शन घेऊ नका. आपल्या वॉर्डाचे साहेब आधार कार्ड काढून देतील. हितलाच जन्म दावून."

"मग पुढं?"

"मग काय, झालासा की कोल्हापूरकर!"

"आणि कोण इचारलं, जन्म कुठला, तर?"

"कोण इचारतंय?"

"पासपोर्टवाला इचारतो. मग मी खोटा, तुम्ही खोटं, आणि साहेब बी खोटं."

बंड्यानं तंबाखू मळायला घेतली.

समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, सन्मतीनं त्याला कंपनीत पगारावर ठेवावं, नोकरीचा व्हिसा मिळेल. पावण्यानं ते आधीच विचारून ठेवलं होतं. परदेशी माणसाला नोकरीवर आणायचं तर त्याला एवढा पगार दाखवावा लागतो, की तेवढ्यात सुकुमारचं गुऱ्हाळ गड्यांसकट वर्षभर चाललं असतं. मोठे भांडवलदार पैसे गुंतवून कायम राहू शकतात, पण त्यांचा आकडा कोटीत. मास्तरांचा मुलगा परदेशी असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, कॅनडा-इंग्लंडकडं नवा धंदा काढणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा असतो, हुशार पोरगा आहे, तिकडं जाऊ दे.

पावणा खो खो हसला. "मास्तर, बर्फात ऊस लावू व्हय?"

शेवटी एका बाईनं, नाव लिहीत नाही, अजून जिवंत आहे, सांगितलं की हिकडली एखादी पोरगी बघून लग्न लावून द्या. सगळे हसले. पावणा हसला नाही. म्हणाला, "लगीन करीन तवा बायकू पायजे म्हणून करीन. शिक्का पायजे म्हणून न्हाय. तिनं 'मग पुढं' इचारलं तर काय सांगू?" त्या दिवशी मी त्याला भाकरीवर जास्तीचं तूप घातलं. का, ते सांगितलं नाही.

हे सगळं तालमीच्या पोरांनी ऐकलं होतं आणि त्यांना वाटलं, आपणही काहीतरी केलं पाहिजे. श्रावणात पावण्याचा वाढदिवस आला. सकाळी मी दूध आणायला निघाले तर चौकात हा मोठा फ्लेक्स. वर लिहिलेलं, 'कोल्हापूरची शान, युवा उद्योजक, चुलवाण कंपनीचे मालक मा. पावणं यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' मध्ये पावण्याचा फोटो, खाली बंड्याचा आणि बारा जणांचा. पावण्याच्या अंगात पांढरा सदरा, गळ्यात अंगठ्याएवढी सोन्याची चेन, डोळ्यांवर गॉगल. त्यातलं त्याचं काहीच नव्हतं. फक्त तोंड त्याचं होतं.

ज्या पोरानं वर्षभर स्वतःचं नाव एका कागदावर येऊ दिलं नाही, त्याला यांनी खोलीएवढ्या अक्षरांत चौकात टांगलं होतं.

मी बंड्याला उठवलं. तो डोळे चोळत आला. "आक्का, आमी प्रेमानं लावलं की."

"प्रेम करायचं तर घरात करा. चौकात कशाला?"

फ्लेक्स दुपारी उतरवला, पण दुपारपर्यंत त्याचे फोटो मोबाईलवर सगळीकडं फिरले होते. आणि दोन दिवसांनी पोलिसांच्या, परदेशी लोकांची नोंद ठेवतात त्या कचेरीतून बोलावणं आलं.

मी बरोबर गेले. सन्मती नको म्हणत होता. मी म्हटलं, तो माझ्या घरात राहतो, घरात परदेशी माणूस आहे हे पोलिसांना मीच कळवलंय, तर आता मी घरात बसून काय करू? गुडघ्यांनी तक्रार केली, पण जिना चढले.

साहेब तरुण होता, हसतमुख नव्हता. त्यानं मोबाईल पुढं केला. "हे तुम्हीच का?"

पावण्यानं वाकून बघितलं. "तोंड माझं हाय साहेब. सदरा माझा न्हाय. चेन बी माझी न्हाय."

साहेबाच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो जागेवर आणला. "कंपनी तुमची आहे?"

इथं नाही म्हणून सुटता आलं असतं. कागदावर नाव नव्हतंच. सन्मतीनं त्याच्या पायावर पाय ठेवलेला मी पाहिला. पावण्यानं आपला पाय काढून घेतला.

"आज न्हाय. व्हायची हाय. मी इचारायलाच येणार हुतो, पन फ्लेक्स माझ्या आधी आला."

मग त्यानं सगळं सांगितलं, प्रकल्पापासून जाळीपर्यंत. साहेब ऐकत होता. मग माझ्याकडं वळला. "आजी, तुम्ही कोण?"

"घरमालकीण."

"मग तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"फ्लेक्सवाले आमच्या गल्लीतले हाईत. त्यांच्या वतीनं शिव्या खायला आले. पोराला देऊ नका."

तेव्हा मात्र तो हसला. चहा मागवला. आणि सरळ सांगितलं, जे कट्ट्यावर कुणी सांगितलं नव्हतं. शिकायचा व्हिसा इथं बसून धंद्याचा करून मिळत नाही. मुदत संपायच्या आत देश सोडायचा, आपल्या देशातल्या भारतीय कचेरीत धंद्याचा व्हिसा मागायचा, कंपनीनं इथून पत्र द्यायचं. मिळेल की नाही हे तिथले ठरवणार. "एक मात्र लक्षात ठेवा," तो म्हणाला. "मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका. स्वच्छ गेलात तर परत यायचं दार उघडं असतं."

"मग पुढं?" पावण्यानं विचारलं.

"पुढं काय? अर्ज करा. नाही म्हणाले तर परत करा."

जिना उतरताना सन्मती रडकुंडीला आला होता. "हंगामाला तू नसणार. बाबांचा अजून इश्वास न्हाय. तू नसलास तर ते पहिल्या दिवशी जुनंच चुलवाण पेटवतील." पावणा म्हणाला, "मग दसऱ्याच्या आत बांधून संपवू. चल." आणि त्याच दिवशी दोघं कागलला गेले.

दसऱ्याच्या अलीकडं चुलवाण पुरं झालं. ऊस अजून शेतात उभा होता. पण न पेटवता जायला पावणा तयार नव्हता. त्यानं काहिलीत पाणी भरायला लावलं आणि गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या चिपाडावर जाळ घातला. सुकुमार खाटेवर बसून बघत होता.

"पावणं, पान्याचा गूळ करताय व्हय?"

"पानी उकळलं की रस बी उकळतोय, काका."

"रस येगळा, पानी येगळं. रसाला नखरं असत्यात."

पाणी उकळलं. धुराड्यातून धूर इतका थोडा येत होता, की शेजारच्या शेतातला माणूस बघायला आला, पेटलंय की विझलंय म्हणून. सुकुमार उठला, चुलवाणाभोवती फिरला आणि परत खाटेवर जाऊन बसला. म्हणाला, "बघू की." मी म्हटलं, मेलं, परत तेच.

बंड्या त्या दिवशी आला होता. अपराधी तोंड करून गुंडाळलेला फ्लेक्स काखेत घेऊन. तो जाळून टाकायला आणला होता, पावण्याच्या देखत. पावण्यानं तो उलगडला, कापड हातानं ओढून बघितलं. "जाळू नका. घट्ट हाय. चिपाड झाकायला हुईल. पानी लागलं की चिपाड जळत न्हाय." मग गॉगलवाल्या तोंडाकडं बघून म्हणाला, "ह्याला बी काम लागू दे. फुकट मालक झालाय."

तो गेला तेव्हा स्टेशनवर गल्ली लोटली होती. मी गेले नाही. मला गर्दीत रडणारी माणसं आवडत नाहीत. तो सकाळीच माझ्या पाया पडायला आला. मी दशम्या आणि गुळाची बारकी ढेप बांधून दिली, म्हटलं, आईला दे. तिला म्हणावं, डोळ्यांचं औषध घाल. तो म्हणाला, "आक्का, खोली दुसऱ्याला द्या. भाडं बुडवू नका." मी म्हटलं, "देणारच हाय." दिली. आता तिथं बँकेतली एक मुलगी राहते. तीही सूर्य मावळायच्या आत जेवते, कारण अट तीच आहे.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. सुकुमारनं पहिल्या दिवशी नवं चुलवाण पेटवलं, पण जुन्याशेजारी लाकूड रचून ठेवलं, लागलं तर असावं म्हणून. मी गेले होते. मला बघायचं होतं, आणि सुकुमारवर नजरही ठेवायची होती. एकामागून एक आधणं, एकेक काहीलभर रसाची, उतरली. रसानं नखरे केले, गूळ उतरवणाऱ्या गुळव्यानं ते सांभाळले. संध्याकाळी जाळ थांबवला तेव्हा चिपाडाचा ढीग संपला नव्हता. चांगला कमरेएवढा उरला होता. त्या गुऱ्हाळात चिपाड उरलेलं मी माझ्या भावाच्या काळापासून पाहिलं नव्हतं.

सुकुमारनं लाकडाकडं एकदा बघितलं, ढिगाकडं एकदा. मग छपरातून फ्लेक्स काढला, ढिगावर पांघरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. तोंड वरच्या बाजूला आलं. गॉगल घालून पावणा आभाळाकडं बघत पडला होता.

त्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. "आक्का, न्हाय म्हणाले. कंपनी नवी हाय, एकच चुलवाण हाय, एवढ्यावर मानूस कशाला पायजे, म्हणाले."

मागं कुठंतरी कोंबडा आरवत होता आणि बाई कुणाला तरी हाक मारत होती. आई असावी.  माझ्या तोंडातून आपोआप आलं, "मग पुढं?"

तिकडून हसू ऐकू आलं. बराच वेळ. मग म्हणाला, "पुढं म्हणजे, चुलवाणं वाढवायची. आनि परत अर्ज. मी हितनं नकाशे धाडतो. लोकांस्नी कोण सांगणार, तेवढं बघायला पायजे."

"बघायला न्हाय," मी म्हटलं. "करायला."

तेव्हापासून मी हे काम करते. शाळा माझी चौथीपर्यंतची, मला नकाशे कळत नाहीत. नकाशे सन्मतीला कळतात. पण गुऱ्हाळवाल्यांना चुलवाणापाशी आणून उभं करायला शिक्षण लागत नाही, तोंड लागतं. नात्यातले, नात्याबाहेरचे, लग्नात भेटलेले, बस्तीत, आमच्या देवळात, भेटलेले, सगळ्यांना मी एकच सांगते, येऊन बघा. कुणी "बघू की, आक्का" म्हटलं की मी जागची हलत नाही. विचारते, "मग पुढं?" बरेच चिडतात. काही येतात. दुसरं चुलवाण बसलं, तिसऱ्याच्या विटा पडल्या आहेत, आणि पावण्याचा दुसरा अर्ज गेला आहे.

परवा हातकणंगल्याचा एक गुऱ्हाळवाला आला. मोठा बागायतदार, मिशी पिळदार, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेला. चुलवाणात वाकून बघितलं, धुराडं बघितलं, उरलेला ढीग बघितला. मग त्या ढिगावरच्या फ्लेक्सपाशी थांबला आणि काठीनं गॉगलवर टोचलं.

"हा कोण म्हणायचा, आक्का?"

"मालक."

"आं? मालक? कुठं असतोय ह्यो?"

"येतोय," मी म्हटलं. "काठी बाजूला घ्या आणि चुलवाणाचं बोला."